पान एकशे बेचाळीसवरचं चित्र

सरळ सांगते. एका नावाजलेल्या कादंबरीतला नऊ ठिकाणचा मजकूर मी गाळला आणि त्यातल्या तीन ठिकाणी चित्रं घातली. कादंबरीत चित्रं नाहीतच. मला हे कुणी करायला सांगितलं नव्हतं, आणि माझ्या हातून ते चुकूनही झालं नाही. चांगल्या मनाने केलं. त्या चांगल्या मनाचं पुढे काय झालं ते लिहिते आहे. वाचून कुणी मला समजून घ्यावं अशी अपेक्षा नाही.

मी पत्रकं लिहिते. नाशकात कुठल्या वस्तीचं पाणी तोडलं, कुठल्या वसतिगृहात पोरींना अळ्यांचा भात वाढला, की मला फोन येतो: एक कागद, पाठपोट, दुपारच्या आत. कॉलेजपासून हेच करत आले. पत्रकाच्या शाळेत शंकेला जागा नसते. आपल्या बाजूला उपयोगी नाही ते वाक्य उडवायचं, जिव्हारी लागेल ते मोठ्या अक्षरात घ्यायचं, वाईट शब्द दिसला की त्यावर काट मारायची. काट मारली की जगातली तेवढी घाण कमी झाली असं वाटतं. सहा वर्षं हे केल्यावर कुठलाही मजकूर माणसाला आपल्या बापाचा वाटायला लागतो.

त्याच काळात मी एका केंद्रासाठी पुस्तकं वाचून देऊ लागले. ज्यांना दिसत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी घरी बसून पुस्तक मोठ्याने वाचायचं, मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि प्रकरणवार पाठवायचं. केंद्राचे नियम मोजके होते. भाव ओतायचा नाही, नाटक करायचं नाही. आणि प्रत्येक पान सुरू होताना पानाचा आकडा बोलायचा, म्हणजे विद्यार्थ्याला उत्तरात, प्रबंधात संदर्भ देता येतो. "पान एकवीस." मग मजकूर. "पान बावीस." नाशिकरोडच्या माझ्या खोलीच्या खिडकीला गादी लावून मी वाचायचे. रेल्वे आली की थांबायचं, गेली की वाक्य पहिल्यापासून. अशी अकरा पुस्तकं केली.

ही कादंबरी त्यातली अकरावी. एम. ए.ला होती. तिच्याबद्दल मोठी माणसं बोलताना आवाज खाली आणतात, देवळात शिरल्यासारखा. गोष्ट साधी आहे. नायक शहरातून डोंगरात जातो. तिथे त्याला जंगल भेटतं, नदी भेटते, स्वतःचा आत्मा भेटतो. माणसंही भेटतात, पण ती ओझी उचलायला. भाषा अशी की वाचताना माझ्यासारखीनेही काही ओळी उगाच दोनदा वाचल्या, खोटं कशाला बोलू. आणि मग एकशे बेचाळीसावं पान आलं.

त्या पानावर लेखक डोंगरातल्या माणसांबद्दल बोलतो. ती जनावरांसारखी आहेत, म्हणून निर्मळ आहेत, असा एकूण सूर. त्यांना उद्याची अक्कल नाही, त्यांचा हात चोरीचा पण डोळा इमानी, त्यांच्या बायकांचे अंग असे आणि चालणे तसे. पानभर. शिवी दिली असती तर परवडलं असतं. हा लाड होता.

माझं घर निफाडच्या पुढे, सायखेड्याच्या अंगाला. द्राक्षाची बाग आहे. छाटणीपासून काढणीपर्यंत पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातली माणसं येतात, बागेच्या कडेला ताडपत्री बांधून राहतात. माझा चुलता बांधावर उभा राहून त्यांच्याबद्दल जे बोलतो तेच इथे शुद्ध भाषेत, उपमा देऊन लिहिलेलं होतं. चुलताही प्रेमानेच बोलतो. "लय इमानी हायेत. फक्त डोकं नाय." एवढं बोलून त्यांच्या पोरांना द्राक्षाचा गळालेला घड देतो.

मी ते पान वाचून रेकॉर्ड केलं आणि परत ऐकलं. माझ्या आवाजात आमचं घर बोलत होतं. हेलसुद्धा तोच. मी ते पुसलं. पुन्हा वाचलं, पुन्हा पुसलं. तिसऱ्या वेळी म्हटलं, "पान एकशे बेचाळीस," शेवटची दोन वाक्यं वाचली, आणि पुढे गेले, "पान एकशे त्रेचाळीस." हलकं वाटलं. पुढे आठ ठिकाणी तेच केलं. कुठे पाऊण पान, कुठे दोन ओळी.

आणि ही कादंबरी मागितली कुणी होती ते मला माहीत होतं. सुरगाण्याकडच्या एका मुलीने. जन्मापासून तिला दिसत नाही. शहरात वसतिगृहात राहून ती मराठीत एम. ए. करत होती. माझी सात पुस्तकं तिने ऐकली होती. दर पुस्तकानंतर तिचा फोन यायचा, आणि तो आभाराचा नसायचा, भांडायचा असायचा. अमुक पात्र मूर्ख का वागलं, तमक्या बाईने नवऱ्याला सोडलं का नाही, लेखकाला शेवट सुचला नाही म्हणून त्याने पूर आणला. तिच्याइतकं पुस्तकाशी भांडणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

या कादंबरीनंतर आठवड्याने फोन आला.

"ताई, एक विचारू? पान एकशे बेचाळीस लय छोटंय."

"म्हणजे?"

"तुमचं एक पान दोन मिनिटांत होतं. मी मोजते ना. मागे गाडी वाजली तरी अडीच. हे पंधरा सेकंदांत संपलं. तिथे चित्रबित्र आहे का काय?"

मी हो म्हटलं. ते एक अक्षर तोंडातून कसं गेलं मला आजही सांगता येणार नाही. दार तिनेच उघडून दिलं होतं, मी आत शिरले.

"मग सांगा ना! नुसतं हो काय?"

मी सांगितलं. डोंगराचा उतार आहे. त्यावर एक बाई उभी आहे. डोक्यावर गवताचा भारा, मान ताठ.

"हसतेय का?"

"नाही. समोर बघतेय."

"बरंय. हसली असती तर कुणी 'हस' म्हणून सांगितल्यासारखी वाटली असती." आणि लगेच, "साडी कशी नेसलीय? गुडघ्यापर्यंत?"

"हो."

"मग आमच्याकडचीच आहे," ती म्हणाली. इतकी खूश की मी फोन ठेवायचं निमित्त शोधू लागले. पण खूश होती ना! मी स्वतःला तेच सांगितलं. त्याच फोनमध्ये तिने आणखी दोन छोट्या पानांचे आकडे वाचले आणि मी आणखी दोन चित्रं काढून दिली. एक म्हातारा शेकोटीजवळ बसलेला. दोन पोरी नदीतून चालताना. बाकीच्या सहा ठिकाणी गाळलेलं थोडं होतं, ते तिच्या कानाला लागलं नाही.

हे इथेच राहिलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते, हेही कबूल करते. माझी नीती एवढीच आहे.

दिवाळीनंतर तिचा व्हॉइस मेसेज आला. एम. ए.च्या लघुप्रबंधाला तिने हीच कादंबरी घेतली होती. विषय तिने स्वतः काढला होता, मार्गदर्शक सरांनी सुचवलेले तीन विषय बाजूला ठेवून. मेसेज चार मिनिटांचा होता. त्यात ती म्हणत होती की जुन्या पुस्तकांत आमची माणसं आली की ती एकतर चोर असतात नाहीतर बावळट, पण हा लेखक वेगळा आहे. आमची माणसं आली की हा गप्प बसतो. त्यांचं वर्णन करत नाही, त्यांच्या मनात शिरत नाही. दोन वाक्यं बोलतो आणि चित्राला जागा देतो. जे आपल्याला कळत नाही त्यासमोर गप्प बसणं म्हणजे मान देणं. "ताई, हे कुणीच लिहिलेलं नाही! मी सगळी समीक्षा ऐकली, एकानेही हे पकडलं नाही. सरांना दाखवलं. सर म्हणाले, नवीन आहे, लिही."

मी मेसेज दोनदा ऐकला. पहिल्या वेळी घाबरले. दुसऱ्या वेळी मला सर सापडले आणि मी सगळा राग तिकडे वळवला. हा माणूस ही कादंबरी पंधरा वर्षं शिकवतो! त्याला आठवू नये की एकशे बेचाळीसाव्या पानावर काय आहे? त्यात चित्रं नाहीत हेही आठवू नये? मग कळलं की आठवत नसणारच. वाचताना ते त्याच्या डोळ्यांखालून गेलं असणार आणि त्याला काही झालं नसणार. मी गाळलं ते त्याने कधी वाचलंच नव्हतं. त्या पुस्तकात आमच्या दोघांच्या मध्ये ती मुलगी उभी होती, आणि आम्ही दोघंही तिला खोटं पुस्तक देत होतो. फरक इतकाच की त्याला ते ठाऊक नव्हतं.

मला ठाऊक होतं. मी चार महिने गप्प बसले. कलेक्टर कचेरीसमोर उन्हात उभी राहून अधिकाऱ्याला एकेरीत बोलणारी मी. त्या चार महिन्यांत मी तीन पत्रकं काढली. एकाच्या मथळ्यात "जनतेपासून काय लपवता?" असं होतं. छापखान्यातून गठ्ठा घेऊन येताना मला हसूही आलं नाही. तिचे फोन यायचे. प्रकरण झालं, दुसरं झालं, टायपिंग झालं. प्रबंध बांधून आला, काळं पुठ्ठ्याचं कव्हर, वर सोनेरी अक्षरं. ती अक्षरं बोटाला लागतात म्हणाली. मी दर वेळी ठरवायचे, आज सांगू. आणि "वा, छान" म्हणून फोन ठेवायचे.

तोंडी परीक्षेला पाच दिवस उरले तेव्हा तिने फोन केला.

"ताई, तुमच्याकडची प्रत आणाल का? सर म्हणतात चित्रं दाखवायला लागतील. लायब्ररीतली प्रत माझ्या रूममेटने पूर्ण चाळली, तिला एक पण चित्र सापडेना."

मी टेबलावरची प्रत उलटी ठेवली.

"फाडली असणार," तीच म्हणाली. "पोरं फाडतात ना चित्रं."

रूममेटच्या दोन डोळ्यांपेक्षा तिचा माझ्यावर जास्त विश्वास होता. तेव्हा गेले मी. म्हणजे माझ्या मनाने मला नेलं नाही. पळायला गल्ली उरली नाही म्हणून गेले.

रविवार होता. वसतिगृहात भेटायला येणाऱ्यांना जेवणाच्या हॉलमध्ये बसवतात. दुपारची जेवणं चालली होती, ताटांचा आवाज, कुणीतरी डाळ पातळ आहे म्हणून ओरडत होतं. ती कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती, मांडीवर ब्रेलची पाटी, हातात टोचायची सळई. परीक्षेची टिपणं काढत होती.

"आणलं पुस्तक?"

"आणलं. चित्रं नाहीत."

"तुमच्यातली पण फाडली?"

"नव्हतीच. मी सांगितली तुला."

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करते आहे. मग हसणं तिच्या तोंडावर तसंच राहिलं आणि आतून निघून गेलं.

"मग तिथे काय आहे?"

"मजकूर आहे."

"कुणाबद्दल?"

मी पुस्तक उघडून ते पान काढलं.

"आमच्याबद्दल," ती म्हणाली. तिने पाटीवरचा कागद काढला, नवा लावला. "वाचा."

"इथे?"

"आता काय मुहूर्त बघायचाय? वाचा. आधी पानाचा आकडा बोला."

मी वाचलं. पान एकशे बेचाळीस. हळू वाचत होते, तर ती म्हणाली, "मोठ्याने. तुमच्या रेकॉर्डिंगला वाचता तसं." डोंगरातल्या गावांतून आलेल्या मुलींनी भरलेल्या त्या हॉलमध्ये, त्यांच्या आयांबद्दलचा तो मजकूर मी माझ्या आवाजात मोठ्याने वाचला. नऊच्या नऊ ठिकाणं. ती टोचत होती, टक टक टक, मध्येच हात वर करायची, मी थांबायचे, परत टक टक. आमच्या बाजूच्या टेबलावरच्या मुली जेवायच्या थांबल्या. एकजण ताट घेऊन उठली आणि आमच्याजवळ आली.

"ही कोण गं? काय बोलतेय ही?"

"काय नाय," ती म्हणाली. "अभ्यासाचं पुस्तक आहे."

"असलं?"

"हो, असलंच. एम. ए.ला ये, तुला पण मिळंल."

ती मुलगी माझ्याकडे बघत मागे गेली. बघण्यात राग असता तर मी सोसला असता. ती मला ओळखल्यासारखी बघत होती.

वाचून संपलं. तिने सळई बाजूला ठेवली.

"कशाला गाळलं?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"मी लहानपणी आईबरोबर बागेत जायचे, द्राक्षाच्या. मला बांधावर बसवायची आणि ती कामाला जायची. दिवसभर बसून काय करणार? ऐकायचे. मालक बोलायचा, मुकादम बोलायचा. त्यांना वाटायचं हिला दिसत नाही म्हणजे ऐकू पण येत नाही." तिने सळई परत हातात घेतली. "तुम्हाला काय वाटलं, हे मी पुस्तकात पहिल्यांदा ऐकीन आणि मरून जाईन?"

तेव्हा मी खरं कारण सांगितलं. चुलत्याचं. वाचताना माझा आवाज कसा झाला ते. मला वाटत होतं की हे सांगितलं की निदान काहीतरी जुळेल, तिला कळेल की मलाही त्रास झाला होता. कसली मी मूर्ख!

"म्हणजे माझ्यासाठी नाय गाळलं," ती म्हणाली. "तुम्हाला तुमचा आवाज ऐकवेना, म्हणून गाळलं."

"हो."

"माझा राग होता तो. त्या लेखकावर मला चिडायचं होतं. मी चिडले असते, भांडले असते, फाडून खाल्ला असता त्याला. ते तुम्ही घेतलं. आणि मी सहा महिने त्याला मान देत बसले. बांधून, सोनेरी अक्षरात. माझ्या आईचं नाव घालून अर्पण केलंय पहिल्या पानावर."

मी पुस्तक मिटून पिशवीत घालू लागले.

"बाकीच्या पुस्तकांत?" तिने विचारलं.

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, दोन-तीन पुस्तकांत. थोडंथोडं. कुठे एखादा शब्द, कुठे ओळ.

"कुठल्या पानांवर?"

मला आठवत नव्हतं. खरंच नव्हतं. काट मारलेलं कोण लिहून ठेवतं? पत्रकाचा कच्चा मसुदा आम्ही फेकूनच देतो.

"सात पुस्तकं," ती म्हणाली. हॉल रिकामा होत होता, मावशी फडकं मारत आमच्या बाकापर्यंत आली. "मग मी वाचलंय काय, मॅडम?"

चार वर्षं मी ताई होते.

तोंडी परीक्षेला तिने मला बोलावलं नव्हतं. मी गेले. दार पंख्यासाठी उघडं होतं, बाहेरच्या बाकावर सगळं ऐकू येत होतं. तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं: माझ्यापर्यंत जे पुस्तक आलं ते कापलेलं होतं, त्यामुळे माझा निष्कर्ष चुकीचा आहे. चित्रं नाहीत. मौन नाही. गाळलेला मजकूर आता माझ्याकडे आहे आणि त्यावर मला बोलायचं आहे. तिने पाटीवर टोचलेले कागद काढले. मला वाटलं, आता ती भांडेल. मी बाकावर ताठ बसले.

तिला बोलू दिलं नाही. कुणी अडवलं असंही नाही, सगळे फार गोड बोलत होते. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई म्हणाल्या, बाळ, ज्यांनी वाचून दिलं त्यांनी तुझ्या भल्याचाच विचार केला ना? त्यांच्याबद्दल मनात काही ठेवू नको. आणि लेखकाला त्याच्या काळात ठेवून बघायचं असतं. त्या काळी सगळेच असं लिहायचे.

"बघितलं असतं, मॅडम," ती म्हणाली. "पण आधी वाचायला पाहिजे ना."

बाई हसल्या, सर हसले. सर म्हणाले, हुशार आहे. मग म्हणाले, आधी माझ्याकडे यायचं होतंस, निस्तरलं असतं, असं सगळ्यांसमोर कशाला? शेवटी निकाल लागला तो असा: दुरुस्त करून पुढच्या सत्रात पुन्हा सादर करा. आदल्याच महिन्यात तिने सिन्नरच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायची जागा पक्की केली होती. ती एम. ए. पूर्ण झाल्यावर मिळणार होती. म्हणजे आता नाही.

ती बाहेर आली तेव्हा मी उभी राहिले. रूममेटने तिच्या कानात सांगितलं असावं. तिने मान वळवली नाही. दोघी जिना उतरून गेल्या.

मग मी जे मला येतं ते केलं. आधी कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुन्हा वाचून रेकॉर्ड केली. काही न गाळता. तीन आठवडे लागले. माझ्या आवाजातून चुलता बोलला तर बोलू दिलं. मग केंद्रात गेले आणि तिथल्या मॅडमना सगळं सांगितलं: माझ्या आधीच्या फाइली काढून टाका, ही नवी घाला, आणि ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांना कळवा.

मॅडम चांगल्या आहेत. त्यांनी चहा मागवला. म्हणाल्या, समितीपुढे ठेवते.

समितीचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं. नवं रेकॉर्डिंग त्यांनी ऐकलं होतं. त्यातली भाषा आक्षेपार्ह आहे, असं त्यांचं मत पडलं. आपल्या केंद्राच्या आवाजात असं काही बाहेर गेलं आणि कुणी तक्रार केली तर काय? तेव्हा जुनीच फाइल राहू द्यावी. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण समितीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना माझी गाळण्याची कल्पना फार आवडली. त्यांनी सगळ्या वाचकांसाठी सूचना काढायला लावली: कुठल्याही समाजघटकाच्या भावना दुखावतील असा मजकूर वाचताना वाचकांनी विवेकाने वगळावा. आणि पान लहान वाटू नये म्हणून वगळलेल्या ठिकाणी पुढच्या पानाचा मजकूर जोडून घ्यावा. म्हणजे वेळ मोजूनही कुणाला कळणार नाही.

मी केंद्रात जाऊन ओरडले. टेबलावर हात आपटला. चहाचा कप सांडला.

"तूच तर सुरुवात केलीस, बाई," मॅडम म्हणाल्या. त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं मी कशावर चिडले आहे ते.

या सूचनेविरुद्ध मी पत्रक लिहायला बसले. पहिल्यांदा असं झालं की एक ओळ सुचली नाही. कुणाविरुद्ध लिहू? लेखक मेलेला. सर निवृत्तीला आलेले. समिती म्हणते आम्ही दुखावू इच्छित नाही. जे लोक ती कादंबरी डोक्यावर घेतात त्यांनी ते पान वाचलेलं नाही, आणि जे तिला जाळायला निघतात, म्हणजे माझ्यासारखे, त्यांनी ते पान दुसऱ्या कुणाला वाचू दिलेलं नाही. कागद कोरा राहिला.

जूनमध्ये मी तिला फोन केला. तोवर उचलत नव्हती, त्या दिवशी उचलला. मागे एक सपाट आवाज चालू होता, बाईचा, पण बाई नसलेला.

"काय ऐकतेस?"

"तीच कादंबरी. रूममेटने एकेका पानाचे फोटो काढून दिले. मोबाइल वाचतो. जुना छापाय, लय चुका करतो. अर्धे शब्द कळत नाय. जोडाक्षर आलं की गडबडतो."

"कळतं का मग?"

"एक पान समजायला चार वेळा ऐकायला लागतं. पण त्याला मी कोण ते माहीत नाय ना. येईल ते वाचतो."

मी घाईघाईने म्हटलं, "मी परत केलंय रेकॉर्ड. सगळं. एक शब्द गाळला नाही. केंद्राने घेतलं नाही, पण माझ्याकडे आहे. पाठवू? तुझा वेळ वाचेल, प्रबंध सत्राच्या आत होईल."

"सगळं आहे?"

"सगळं."

"कशावरून?"

"मी सांगते ना."

मागे तो आवाज एका शब्दावर अडकला होता, तोच तुकडा दोनदा बोलला, मग पुढे गेला.

"हो," ती म्हणाली. "तुम्ही सांगताय."

आणि तिने फोन ठेवला.